खाली घर, वर होडी

पहिल्यांदा बुडून मेलो तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. बहीण स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती, माझा उजवा पाय दोन उशांवर होता आणि लॅपटॉपच्या पडद्यावर सगळं गढूळ निळं झालं होतं. खालच्या कोपऱ्यातली ऑक्सिजनची पट्टी सरसर आखडत गेली, मग रक्ताची. मेलो. समोर दोन पर्याय आले : कुठेतरी पुन्हा जन्म घ्या, नाहीतर घरी जागे व्हा. मी घर निवडलं. घर म्हणजे समुद्राच्या तळाशी बांधलेली पत्र्याची खोली, आणि तिथली हवा तर संपलेली. पुन्हा बुडलो.

असे सहा जन्म घेतले. पहिल्या जन्मात जनरेटर बंद पडलाय हे कळलं. दुसऱ्यात इंधनाचा कॅन कोणत्या कपाटात आहे ते शोधलं. तिसऱ्यात कॅन हातात आला, पण नको ती कळ दाबली आणि कॅन उघडण्याऐवजी दार उघडलं. पुढच्या खेपेला मागच्या जन्मातला मी जिथे पडलो होतो तिथेच तो कॅन पडलेला सापडला. गीतेत आत्मा जुने कपडे टाकतो म्हणतात. इथे मी जुने कपडे, कॅन आणि पाना टाकत होतो आणि पुढच्या जन्मी येऊन उचलत होतो. सहाव्या जन्मात जनरेटर घरघरला, ऑक्सिजनची पट्टी भरू लागली आणि मी बहिणीला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

संध्याकाळी भाचा कॉलेजातून आला. त्याने आधी खेळातली खोली पाहिली, मग माझा गुडघा.

"मामा, टाकी अर्ध्यावर आली की भरायची असते. रिकामी होईपर्यंत वाट नाही बघायची."

तेहतीस वर्षं मी साइटवर पोरांना हेच सांगत आलो होतो.

गुडघा बदलल्यावर डॉक्टरांनी सहा आठवडे घरात राहायला सांगितलं आणि मी पुण्याला बहिणीकडे आलो. मी पुलाच्या पायांचा माणूस. पाया म्हणजे पुलाचा जो भाग पाण्याखाली आणि गाळाखाली जातो आणि उद्घाटनाच्या फोटोत कधीच येत नाही, तो. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पण संगणकवाला; सिमेंटशी त्याचा संबंध घराच्या ओट्यापुरता. त्याचं आणि त्याच्या तीन मित्रांचं त्या दिवसांत एकच काम चालू होतं : 'अनटर्न्ड' नावाच्या झॉम्बीच्या खेळात समुद्राखाली तळ बांधणं. तिघांपैकी एक नाशिकचा, एक पिंपरीचा आणि एक टोरांटोत शिकायला गेलेला. दिवसा इथले तिघे कॉलेजात आणि टोरांटोतला झोपेत, म्हणजे तळावर कोणीच नाही. घरी बसलेला, पगार न मागणारा, वेळेचा पक्का माणूस मीच होतो. मला दिवसपाळी मिळाली.

खेळाची थोडी ओळख करून द्यायला हवी. कॅनडातल्या कॅलगरीचा नेल्सन सेक्स्टन नावाचा मुलगा. त्याने सोळाव्या वर्षाच्या सुमारास एकट्याने हा खेळ रचला आणि २०१४ मध्ये तो सगळ्यांना फुकट खुला केला. माणसं लाकडी ठोकळ्यांसारखी, तोंडं चौकोनी, झाडं लहान मुलाने काढलेल्या चित्रातल्यासारखी. चार-पाच वर्षं जुन्या लॅपटॉपवरही चालतो, म्हणून आपल्याकडच्या पोरांना परवडतो. गावं ओस पडलेली, त्यांत मेलेली माणसं फिरतात, तुम्ही डबे, कपडे, हत्यारं गोळा करायची आणि जगायचं. लाकूड तोडून किंवा धातू जमवून जमिनीवर फरशा टाकायच्या, कोपऱ्यांवर खांब, खांबांमध्ये भिंती, वर छत. आत कपाटं, खाट, दार.

मला पहिल्या दिवशी न कळलेली गोष्ट अशी की या सगळ्यात झॉम्बींची भीती फारशी नाही. झॉम्बी गावाच्या आसपास घुटमळतात. पौर्णिमेला खवळतात, ते सोडलं तर त्यांची ठरलेली हद्द असते. समुद्राच्या तळाशी तर ते येतच नाहीत. मग पाण्याखाली का बांधायचं?

"माणसांसाठी," भाचा म्हणाला. "त्याच सर्व्हरवर दुसरी पोरं असतात ना. तुम्ही झोपला की येतात, भिंत उडवतात, सगळं नेतात."

चोरी चुकवायला समुद्रात जायचं. मी हसलो खरा, पण विचार जुनाच आहे. त्याने तळाला 'सिंधुदुर्ग' नाव ठेवलं होतं. मी म्हटलं, अरे, सिंधुदुर्ग कुरटे बेटावर आहे, पाण्याच्या वर. महाराजांनी लपायला नव्हता बांधला, दिसायला बांधला होता. दर्यावरून येणाऱ्याला तो दुरूनच दिसला पाहिजे, हाच तर त्याचा धाक. नाव बदललं नाही. पण त्या दिवसापासून तो मला खेळात 'गडकरी' म्हणायला लागला आणि ते मला आवडलं, हे कबूल करतो.

त्यांच्या खोलीची मी पहिल्याच दिवशी तपासणी केली. सवय. समुद्राच्या तळावर धातूच्या फरशा, धातूच्या भिंती, वर छत, आणि आत पाणीच. या खेळात भिंती बांधल्या म्हणून आतलं पाणी जात नाही. खोली पाण्याने भरलेलीच राहते. तिथे 'ऑक्सिजनेटर' नावाचं एक यंत्र ठेवतात. त्याला जनरेटरची वीज लागते. वीज असेपर्यंत त्याच्या भोवतीच्या गोलात तुम्हाला श्वास घेता येतो. म्हणजे तुम्ही पाण्यात पोहत-पोहत कपाट उघडता, पण गुदमरत नाही. आणि ही वीज देणारा जनरेटरही तिथेच, पाण्याखाली, इंधनावर धडधडत असतो. हवा तयार करायला वीज हवी, वीज तयार करायला इंजिन हवं आणि इंजिनाला जाळायला हवा हवी. मी हे भाच्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, इथे ब्लोटॉर्चने पाण्याखाली भिंतसुद्धा दुरुस्त होते."

तसं म्हटलं तर पाण्याखाली वेल्डिंग खरंच होतं. तिथे मी गप्प बसलो.

पण एक हिशेब मी त्याला कागदावर करून दाखवलाच. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी खोली पाण्याखाली खरोखर कोरडी केली, तर तिने १०८ घनमीटर पाणी बाजूला सारलं. समुद्राचं पाणी घनमीटरला एक टनाहून किंचित जड. म्हणजे पाणी त्या खोलीला साधारण ११० टनांनी वर ढकलणार. भरलेले चार मोठे ट्रक छतावर उभे केले तर कुठे ती जागेवर राहील. पाण्याखालच्या इमारतीला बुडण्याची भीती नसते, तरंगण्याची असते. आमच्या धंद्यात नव्या पोराच्या डोक्यात हे शिरायला एक पावसाळा जातो. बाहेर पाणी चढलं की रिकामी टाकी जमिनीतून आपोआप वर येते. मी स्वतः पाहिली आहे, पण ती कोणाची, ते सांगत नाही.

"मग खरं कोणी राहिलंय का खाली?" त्याने विचारलं.

राहिलेत. फ्रेंच दर्यावर्दी जॅक कुस्तो याने १९६२ मध्ये मार्सेजवळ समुद्रात दहा मीटर खोलीवर एक मोठं पिंप उतरवलं आणि त्यात दोन माणसं आठवडाभर राहिली. पुढच्या वर्षी तांबड्या समुद्रात, सुदानच्या किनाऱ्यापाशी, त्याने खाली अख्खी वस्तीच केली आणि माणसं महिनाभर राहिली. अशा घराला खाली दार नसतं, नुसतं भोक असतं. तपेली पालथी करून बादलीतल्या पाण्यात दाबली तर आतली हवा आतच राहते आणि पाणी काठाशी थांबतं, तसं. अट एकच : आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याएवढा ठेवायचा. दहा मीटर खाली गेलं की वातावरणाच्या दाबावर आणखी एक वातावरण चढतं. माणूस ती दाबलेली हवा घेत राहतो आणि ती रक्तात मुरते. मग वर येताना सावकाश यावं लागतं, नाहीतर सोड्याची बाटली फोडल्यासारखं अंगात होतं. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना पायाच्या पेट्यांत, दाबलेल्या हवेत काम करणारे मजूर असेच आजारी पडले. मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोब्लिंगही अंथरुणाला खिळला. पुढची कित्येक वर्षं त्याची बायको एमिली साइटवर निरोप नेत-आणत, हिशेब समजून घेत राहिली आणि पूल १८८३ मध्ये खुला झाला.

हे सांगताना माझा पाय उशांवर होता आणि बहीण दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे बायकोनेच बांधला," ती म्हणाली आणि आत गेली.

मला त्या खेळात खरी गोडी लागली ती या हिशेबांमुळे नाही, अंधारामुळे. खाली गेलं की चार हातांपलीकडचं दिसत नाही. निळं, मग काळपट, मग भिंत एकदम अंगावर. पहिल्यांदा त्या अंधारात दार चाचपडत होतो आणि माझ्या तळव्यांना घाम आला. बत्तीस वर्षांपूर्वीची खाडी आठवली.

कोकणातल्या एका खाडीवर पुलाचं काम होतं. मी नवा, पंचविशीतला. पाया विहिरीचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : आपण पाण्याची विहीर खोदतो त्याच्या उलट हे प्रकरण. आधी वर काँक्रीटचं गोल कडं बांधायचं, त्याच्या खालच्या कडेला पोलादी धार, आणि मग आतली वाळू-गाळ ग्रॅबने उपसत राहायचं. आतलं निघालं की कडं स्वतःच्या वजनाने खाली बसतं. वर पुन्हा काँक्रीटचा थर चढवायचा, पुन्हा उपसायचं. असं करत खडकापर्यंत. एक बाजू मऊ, एक कडक लागली की विहीर कलते. नियमाने ८० मध्ये १ इतका कल चालतो, त्याच्या पुढे गेला की साहेबांची झोप जाते. आमची विहीर कललेली होती.

मला घाई होती. मी म्हटलं, आतलं पाणी पंपाने उपसू, म्हणजे खाली काय अडकलंय ते डोळ्यांनी दिसेल. मुकादम म्हातारा, खाडीकाठचाच. तो म्हणाला, "सायेब, आतलं पानी काढू नका. भायरलं पानी बघत बसलेलं असतं." मला ती अडाणी समजूत वाटली. पंप लावला. आतली पातळी चार-पाच मीटर खाली गेली असेल, नि विहिरीच्या तळातून वाळू उकळत्या दुधासारखी वर आली. बाहेरच्या पाण्याचा दाब जास्त, आतला कमी. तो दाब वाळूला घेऊन आत घुसला. कडं घसरलं, कलाच्या बाजूला आणखी. आत कोणी उतरलेलं नव्हतं, याला माझी अक्कल कारण नव्हती. त्याच वेळी जेवणाची सुट्टी झाली होती.

त्या विहिरीला सरळ करायला पुढे अडीच महिने गेले. एका अंगाला वजन रचायचं, दुसऱ्या अंगाने उपसायचं, रोज ओहोटीला मोजमाप. उधाणाच्या दिवसांत काम बंद, भांगाच्या भरतीत जेवढं होईल तेवढं. खाली काय आहे ते पाहायला पाणबुड्या आणला. तो वर आला की मी विचारायचो, काय दिसलं? तो हसायचा. एकदा म्हणाला, "साहेब, खाली मी डोळे मिटूनच काम करतो. उघडे ठेवले तर नसलेलं दिसतं." तो हाताने बघायचा. पोलादी धार कुठे दगडावर टेकली आहे, कुठे पोकळी आहे, वीतभर का हातभर, हे बोटांनी मोजून यायचा आणि वर आल्यावर मी त्याच्या सांगण्यावरून चित्र काढायचो. त्या चित्रावर एक पूल उभा आहे आणि मी स्वतः ती जागा कधीच पाहिलेली नाही.

शेवटी तळाला काँक्रीटचं बूच बसवतात, तेही भरल्या पाण्यात. लांब नळी, वर नरसाळं. नळीचं खालचं तोंड ओतलेल्या काँक्रीटमध्ये रुतलेलं राहिलं पाहिजे. नवीन काँक्रीट आधीच्या पोटात शिरतं आणि आधीचं वर चढतं, म्हणून पाण्याशी गाठ फक्त वरच्या थराची पडते. नळी हातभर जास्त उचलली, की पाणी नळीत शिरलं, सिमेंट धुतलं गेलं, खाली उरली नुसती खडी. आणि वरून काहीच कळत नाही. काँक्रीट सुकून घट्ट होतं असं सगळ्यांना वाटतं. ते सुकत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. पाण्याखाली उलट चांगलंच होतं. एवढं एक पाणी आमच्या बाजूने करतं.

भाच्याला मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. सांगायची वेळ पाळीच्या मध्ये यायची. जनरेटर भरून झाला, कपाटं मोजून झाली की करायला काही नसायचं. पाण्याखालच्या तळावर पहारा देण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. तळ दिसत नाही हाच त्याचा गुण. पहारेकऱ्यालाही काही दिसत नाही हा त्याच गुणाचा दुसरा भाग. मी आत बसून भिंती बघायचो. मग कधीतरी वर यायचो, पाण्यातून डोकं काढायचो. समोर किनारा, झाडं, लांबवर एखादा झॉम्बी डुलत चाललेला.

आम्ही खेळत होतो तो नकाशा कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाचा. खऱ्या बेटाची गावं त्यात थोडक्यात आणून ठेवली आहेत आणि कडेला कॉन्फेडरेशन पूलही आहे. मी दिसताक्षणी ओळखला. खरा पूल १९९७ मध्ये खुला झाला, १२.९ किलोमीटर लांब, आणि हिवाळ्यात त्याखालचा समुद्र गोठतो. वाहून येणारं बर्फ खांबांना धडका देतं, म्हणून पाण्याच्या पातळीवर खांबांभोवती शंकूसारखी काँक्रीटची बाही आहे. बर्फाचा थर त्या उतारावर चढतो, स्वतःच्या वजनाने वाकतो आणि मोडतो. बर्फाला अडवायचं नाही, त्याला वाकायला भाग पाडायचं. कारण बर्फ दाबायला कठीण आणि वाकवायला सोपं. केवढी साधी युक्ती! मी तरुणपणी त्याचे फोटो मासिकांतून कापून ठेवले होते. तर खेळातल्या त्या पुलापर्यंत पोहत जाऊन खांब पाहायचे असं मी ठरवलं. निघालो. पोहताना जनरेटर विसरलो. परतलो तेव्हा अंधार, हवा बंद आणि कपाटातला कॅन रिकामा. तो किस्सा चार जणांच्या ग्रुपवर आठवडाभर चालला. टोरांटोतल्या पोराने लिहिलं, "काका, मी तो खरा पूल पाहिलाय, फोटो पाठवू? पोहू नका."

पाठवलेही. त्यात एक फोटो शंकूचाच होता. कोणी पर्यटक तो फोटो काढत नाही, त्या पोराने तो माझ्यासाठी मुद्दाम शोधून पाठवला की सहज निघाला, विचारलं नाही.

इंधनाचं काम पाहताना माझ्या लक्षात एक गोष्ट येत गेली आणि ती मी पोरांना सांगितलीही, पण सांगणाऱ्याचा पाय उशीवर असला की त्याचं कोणी फारसं मनावर घेत नाही. भिंत कितीही जाड करा, त्या तळाचा खरा आकार भिंतींचा नव्हता. रोज कोणीतरी किनाऱ्यावरून इंधन आणणार, कोणीतरी लूट आणून ठेवणार, कोणीतरी गोळ्या न्यायला येणार. ती सगळी ये-जा एका ठिकाणाहून. आम्ही त्यासाठी छोटी मोटरबोट ठेवली होती. यायचं, बोट तळाच्या बरोबर डोक्यावर थांबवायची आणि सरळ खाली बुडी मारायची. का? कारण श्वास मोजका; तिरकं पोहण्यात पट्टी वाया जाते. नवशिक्याला तर अर्ध्यात परतावं लागतं. 'डायव्हिंग' हे कौशल्य वाढवलं की श्वास जास्त पुरतो, पण आमच्या नाशिककराने सगळे गुण नेमबाजीत घातले होते.

तर रोज त्याच जागी एक रिकामी बोट तरंगत असायची. भर समुद्रात, आसपास काही नसताना.

मी म्हटलं, बोट लांब ठेवा, पोहत या. भाचा म्हणाला, मामा, एवढा मोठा समुद्र, कोण बघतंय. मी म्हटलं, समुद्र मोठा आहे म्हणूनच बोट दिसते. त्याने मान हलवली, म्हणजे 'हो' असं नाही.

आणखी एक. पिंपरीच्या पोराने आत दिवे लावले. मला विचाराल तर मलाच ते हवे होते, कारण दार सापडत नव्हतं. रात्री खालून उजेड यायचा. वरून पाहिलं तर पाण्यात हिरवट डाग. आमच्या खाडीत रात्रीच्या मासेमारीला दिवा लावतात, का लावतात हे पाहत मी लहानाचा मोठा झालो. तरी त्या दिव्यांबद्दल मी चकार शब्द काढला नाही. सोय झाली की अक्कल बाजूला बसते.

लूट झाली ती गुरुवारी दुपारी, माझ्याच पाळीत. तेव्हा मी फिजिओथेरपीला गेलो होतो. दीड तास. परत येऊन लॅपटॉप उघडला तर खाटच नव्हती, म्हणून खेळाने मला किनाऱ्यावर कुठेतरी सोडलं. पोहत गेलो. छताला मोठं भोक, स्फोटकाने पाडलेलं. भिंती चारही शाबूत. त्यांना हातसुद्धा लावला नव्हता. जिथून आम्ही रोज उतरायचो तिथूनच ते उतरले. कपाटं रिकामी. जनरेटर नेला, ऑक्सिजनेटर नेला. दिवे तेवढे तिथेच, विझलेले. आणि वर आमची बोट जशीच्या तशी. तीसुद्धा नेली नव्हती. मला ते जास्त लागलं. हसत-हसत ठेवून गेल्यासारखी.

श्वास संपत आला तरी मी तिथे थोडा थांबलो. गंमत वाटेल, पण मी भोकाच्या कडा पाहत होतो. स्फोटक कुठे चिकटवलं असेल, आधी कोणता तुकडा गेला, त्यांना किती फेऱ्या लागल्या असतील. मग वर आलो.

भाच्याला फोन करायचं धाडस झालं नाही. मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "ठीक आहे मामा. तुमचा गुडघा किती वाकला आज?" नव्वद अंश, मी लिहिलं. त्याने अंगठा पाठवला. मला वाटतं, तो मनातल्या मनात वैतागला असणार, पण आमच्या घरात मामावर आवाज चढवण्याची पद्धत नाही, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्या पद्धतीचा फायदा घेतला.

रात्री चौघांची बैठक बसली, मी पाचवा. कोणी म्हणे भिंती दुहेरी करू, कोणी म्हणे आणखी खोल जाऊ. खोल गेलं की श्वास तेवढाच आणि अंतर जास्त, हा हिशेब मी पुन्हा मांडला. नाशिककर म्हणाला, मग डोंगरावर बांधू. कोणालाच पटलं नाही. पाण्याखाली राहायची एकदा सवय लागली की जमिनीवर उघडं पडल्यासारखं वाटतं. मलाही वाटत होतं.

शेवटी भाच्याने वही काढली. खरी वही, कागदाची. म्हणाला, "मामा, तुम्ही सांगा. भिंती मी बघतो. येण्याची वाट तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. नवा तळ किनाऱ्याच्या जवळ, एका कड्याच्या सावलीत, उथळ. उथळ म्हणजे दिसेल, असं सगळे म्हणाले. मी म्हटलं, किनाऱ्याजवळ पोहणारा माणूस दिसला तर कोणी थांबत नाही, समुद्राच्या मध्यात होडी दिसली तर सगळे थांबतात. बोट विकून टाकायची, म्हणजे दूर खाडीत बुडवायची. दिवे नाहीत. दार चाचपडून शोधायचं, प्रत्येकाने डोळे मिटून तीनदा सराव करायचा. इंधन रोज नाही, दोन दिवसांनी, दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून पाण्यात शिरून. आणि जुन्या जागी ती मोडकी खोली तशीच ठेवायची, दिवा लावून.

दोन रात्रींत बांधून झालं. त्यात मी विशेष काही केलं नाही. फरशी समपातळीत आहे का, एवढं सारखं विचारत राहिलो आणि ते सारखं हो म्हणत राहिले.

सहा आठवडे संपले, मी घरी परतलो. आता काठी लागत नाही, जिना जमतो. कामावर अर्धवेळ जातो. परवा साइटवर चहाच्या वेळी फोन वाजला. भाच्याची परीक्षा चालू होती, नाशिककर लग्नाला गेला होता, टोरांटोत पहाट.

"मामा, आज भरायचा दिवस आहे. कोणीच नाहीये."

रात्री जेवून लॅपटॉप उघडला. किनाऱ्यावर उतरलो, कॅन घेतला. नेहमीच्या खडकापासून न जाता लांबून, झाडांच्या मागून पाण्यात शिरलो. श्वास घेतला, म्हणजे मी खरोखरच घेतला, सवयीने. मग खाली गेलो, डोळे मिटून, डावा हात कड्याला लावून, दाराकडे.